सेल उलटा करून बघा

ॲनिमेशनचा जुना सेल ऑनलाइन विकायला ठेवणारा जवळजवळ प्रत्येक जण त्याचा फोटो पुढून काढतो. काळ्या माउंटात बसवलेलं पात्र, चेहरा आपल्याकडे, डोळे टक्क उघडे, रंग सपाट आणि चकचकीत. खाली ‘ओरिजिनल प्रॉडक्शन सेल, व्हेरी रेअर’ अशी ओळ आणि पोटात गोळा आणणारी किंमत. शहापूर किंवा मुरबाडला राहून या छंदात पडलेल्या माणसाकडे त्या फोटोशिवाय दुसरं काहीच नसतं. इथे गॅलरी नाही, लिलावघर नाही, आणि ‘अरे, हा छापील आहे’ असं कानात सांगणारा जाणकार काकाही नाही. फोनचा स्क्रीन हीच आपली गॅलरी. म्हणून विक्रेत्याला पहिला मेसेज एकच टाकायचा: मागून फोटो पाठवा. टाळाटाळ सुरू झाली की निम्मं उत्तर मिळालं.

पण मागची बाजू नुसती अस्सल-नक्कल ठरवायला बघायची नसते. ॲनिमेशनचं चित्र एकट्यानं भिंतीवर लटकायला काढलेलंच नसतं. त्याच्या आधी एक चित्र असतं, नंतर एक असतं, आणि त्या दोघांच्या मध्ये बसणं हे त्याचं काम. संग्राहकांचा बाजार नेमकी हीच गोष्ट विसरायला लावतो. चित्र रांगेतून उपटायचं, कापायचं, माउंट करायचं आणि पोर्ट्रेट म्हणून विकायचं. कशाला मौल्यवान म्हणायचं, हे या बाजाराकडून उसनं घेण्याआधी आपण आपल्या नजरेनं ठरवायला हवं असं मला वाटतं. त्यासाठी लागणारी उदाहरणं आपल्या मराठी मुलखातच आहेत.

आधी सेल म्हणजे काय

सेल म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ तुकडा. सुरुवातीला तो सेल्युलोज नायट्रेटचा असायचा आणि सहज पेट घ्यायचा. पुढे सेल्युलोज ॲसिटेट आलं. ॲनिमेटर हालचाल कागदावर पेन्सिलीनं काढतो. कागदाला भोकं असतात, ती लाइट बॉक्सच्या खुंट्यांत अडकवायची, म्हणजे एकावर एक ठेवलेली चित्रं तसूभरही सरकत नाहीत. मग दुसरा माणूस ती रेघ सेलवर शाईनं उतरवतो, आणि तिसरा माणूस सेल उलटा करून मागून रंग भरतो. रंगवलेला सेल बॅकग्राऊंडवर ठेवायचा, वरून कॅमेऱ्यानं एक चौकट टिपायची, सेल उचलायचा, पुढचा ठेवायचा.

सिनेमा सेकंदाला २४ चौकटी दाखवतो. एक चित्र दोन चौकटींना वापरलं, तरी सेकंदाला १२ चित्रं लागतात. म्हणजे दहा मिनिटांच्या फिल्मला ७,२००. दोन पात्रं दोन वेगळ्या थरांवर हलत असतील, तर आकडा आणखी फुगतो. शूटिंग झालं की या ढिगाचं काम संपलं. फिल्म डब्यात गेली, आणि हजारो रंगीत प्लॅस्टिकचे तुकडे अडगळ झाले. सेल जपून ठेवायची वस्तू आहे हे सुरुवातीला स्टुडिओंनाच वाटत नव्हतं. डिस्नेचे सेल १९३८पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या कुर्वाझिए गॅलरीमार्फत विकले जाऊ लागले, आणि पन्नाशीच्या दशकात डिस्नेलँडमध्ये ते पर्यटकांना आठवणीची वस्तू म्हणून अगदी थोडक्या डॉलरांत मिळायचे. पुढे १९८९मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात १९३४च्या ‘ऑर्फन्स बेनिफिट’ या छोट्या कृष्णधवल फिल्ममधला एक सेल बॅकग्राऊंडसह २,८६,००० डॉलरला गेला. त्यानंतर अडगळीला अडगळ म्हणायची सोय राहिली नाही. नकली माल येण्याचं कारणही तेच.

खऱ्याच्या खुणा

पहिली खूण मागचा रंग. हातानं रंगवलेल्या सेलला मागून पाहिलं तर रंग रेघेच्या खाली थोडा पुढे-मागे गेलेला दिसतो. कुठे जाड थर, कुठे ब्रशचा ओघळ, एका रंगावर दुसरा चढलेला. पुढून सगळं गुळगुळीत, मागून ओबडधोबड. सेरीसेल नावाचा जो प्रकार विकला जातो तो स्क्रीन प्रिंटिंगनं छापलेला असतो. त्याचा रंग मागूनही एकसारखा आणि काठावर नेमका थांबलेला. सेरीसेल विकणं हा गुन्हा नाही. तो शोभेची वस्तू म्हणून छापलेला असतो, हजारोंच्या संख्येनंही छापतात. लबाडी सुरू होते ती त्याला ‘प्रॉडक्शन सेल’ म्हटल्यावर. प्रॉडक्शन सेल म्हणजे जो कॅमेऱ्याखाली जाऊन आला तो.

दुसरी खूण आकडा. सेलच्या कोपऱ्यात हातानं लिहिलेला क्रमांक असतो. जपानी सेलवर बहुधा वरच्या कोपऱ्यात थराचं अक्षर आणि त्या थरातला क्रमांक: ए ७, बी १२. हा आकडा कॅमेरामनसाठी होता. तो नीटनेटका छापलेला असेल आणि ‘इतक्यांपैकी इतकावा’ असं सांगत असेल, तर तो लिमिटेड एडिशनचा आकडा. दिसायला दोन्ही आकडेच. पण एक रांगेतली जागा सांगतो, दुसरा दुकानातला स्टॉक.

तिसरी खूण खुंट्यांची भोकं. मधे एक गोल आणि दोन्ही बाजूंना लांबट फटी ही नेहमीची मांडणी. मात्र भोकं नाहीत म्हणून लगेच नकली ठरवू नका. कुर्वाझिए गॅलरीनं आणि डिस्नेलँडच्या दुकानानं कितीतरी सेल कडा छाटून, फ्रेममध्ये बसतील असे करून विकले. ते खरेच आहेत, फक्त त्यांची ओळखपत्रं कापली गेली.

चौथी खूण रेघ, आणि तिच्याबरोबर साल. १९६१च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’पासून डिस्नेच्या मोठ्या चित्रपटांत पेन्सिलीची रेघ झेरॉक्सनं सेलवर उतरवली जाऊ लागली. त्याआधीची रेघ हाताची, अनेकदा रंगीत शाईची. त्यामुळे १९३७च्या ‘स्नो व्हाइट’चा सेल आणि त्यावर झेरॉक्सची करडी, खरखरीत रेघ, असं दिसलं तर पुढे वाचायची गरज नाही.

सगळ्यात स्वस्त तपासणीही सालाचीच, ती घरबसल्या होते. ‘द लिटल मर्मेड’ (१९८९) हा डिस्नेचा पारंपरिक सेलवर केलेला शेवटचा मोठा चित्रपट. १९९०च्या ‘द रेस्क्यूअर्स डाउन अंडर’पासून रंग कॉम्प्युटरवर भरले गेले. म्हणजे १९९४च्या ‘द लायन किंग’ चित्रपटाचा प्रॉडक्शन सेल असूच शकत नाही. जे विकलं जातं ते नंतर बनवलेलं असतं, कितीही सुंदर असलं तरी. घिबलीचंही तसंच: १९९७चा ‘प्रिन्सेस मोनोनोके’ मुख्यतः सेलवरचा, १९९९चा ‘माय नेबर्स द यामादाज’ पूर्ण डिजिटल. मग २००१च्या ‘स्पिरिटेड अवे’चा ‘ओरिजिनल सेल’ कुठून आला, हे विक्रेत्याला विचारून बघा.

पाचवी खूण वास. ॲसिटेट कुजायला लागलं की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो आणि सेल आकसून लाटांसारखा वळतो. फोनवर वास येत नाही, पण लाटा दिसतात. तिरपा प्रकाश पाडून काढलेला फोटो मागा. असा सेल खरा असतो, पण आजारी असतो, आणि तो आजार शेजारच्या सेललाही लागतो.

खरा, पण मोलाचा का?

इथवर जे सांगितलं ते शिकायला महिनाभर पुरे. कठीण भाग पुढचा आहे.

बाजाराच्या नियमांप्रमाणे चांगला सेल म्हणजे पात्र मोठं, चेहरा समोर, डोळे उघडे, ओळखीचं हसू. डोळे मिटलेला, पाठमोरा किंवा अर्धवट वळलेला सेल स्वस्त. एकाच दृश्यातले, चार क्रमांकांच्या अंतरावरचे दोन सेल घ्या. एकात पात्र आपल्याकडे बघतंय, दुसऱ्यात पापणी मिटलीय. किमतीत मोठी तफावत. पण पडद्यावर पात्र जिवंत वाटतं ते पापणी मिटते म्हणून. उघड्या डोळ्यांची सगळी चित्रं ठेवा आणि मिटलेलं तेवढं काढा, समोर बाहुली उरेल. म्हणजे बाजार नेमक्या त्या चित्राला कमी भाव देतो ज्यानं ॲनिमेशनचं काम केलं.

हाच प्रकार स्मीअर चित्रांचा. चक जोन्सच्या १९४२च्या ‘द डोव्हर बॉइज’मध्ये पात्रं एका पोझमधून दुसरीत जाताना मधल्या चौकटीत ताणून, फराटा मारल्यासारखी काढली आहेत. एकटी चौकट पाहिली तर कोणी रंग सांडला असं वाटावं. पण पळवून पाहिली की झटका दिसतो. भिंतीवर लावायला ती विचित्र, आणि अभ्यासायला सोनं.

दुसरी गफलत हाताची आहे. ‘अमुक दिग्गजानं काढलेला सेल’ असं वर्णन वाचलं की थांबावं. सेलवरचा हात बहुतेक वेळा ॲनिमेटरचा नसतोच. डिस्नेच्या इंक अँड पेंट विभागात मुख्यतः बायका काम करायच्या. इतकी बारीक, थरथर नसलेली रेघ दिवसभर मारत राहायची आणि ती आपली आहे असं कुणाला कळूही द्यायचं नाही, असं ते कसब. ॲनिमेटरचा स्वतःचा हात बघायचा तर पेन्सिलीच्या कागदाकडे जावं लागतं. तिथे खाडाखोड असते, निळ्या-लाल पेन्सिलीचे आराखडे असतात, आणि की ड्रॉइंगच्या कडेला एक छोटी पट्टी असते. आडव्या रेघांची ही पट्टी म्हणजे मधली चित्रं कुठे दाट आणि कुठे विरळ पडतील याचा नकाशा. हालचाल हळू सुरू होऊन वेग घेणार की धाडकन थांबणार, हे त्या पट्टीत ठरलेलं असतं. असा कागद रंगीत सेलपेक्षा पुष्कळदा स्वस्त मिळतो, कारण तो दिवाणखान्यात शोभत नाही. ज्याला वाचता येतं त्याच्यासाठी ही सवलतच आहे.

थोडक्यात माझी कसोटी अशी: हे चित्र आपल्या आधीच्या आणि नंतरच्या चित्राबद्दल किती सांगतं? जितकं जास्त सांगेल तितकं मोलाचं. चेहरा नंतर.

काडेपेटीपासून चिमण्यांपर्यंत

ही कसोटी आपल्या इतिहासावर लावून पाहू. दादासाहेब फाळक्यांनी १९१५मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ केली: काड्या किंचित सरकवायच्या, एक चौकट टिपायची, परत सरकवायच्या. ती फिल्म आज उपलब्ध नाही. समजा उद्या कुणी एक काडेपेटी पुढे केली आणि म्हणालं, ‘या त्या ओरिजिनल काड्या.’ काय तपासणार? काडीवर क्रमांक नसतो. काडी रांगेतून सुटली की नुसती काडी. ॲनिमेशनमध्ये ‘मूळ वस्तू’ म्हणजे काय, हा प्रश्न इतका नागडा दुसऱ्या कुठल्या उदाहरणात दिसत नाही. मूळ असते ती दोन स्थितींमधली सरक, आणि ती हातात धरता येत नाही. कागद आणि सेल मौल्यवान एवढ्यासाठीच, की त्यांच्यावर त्या सरकेचे वळ उरतात.

पुण्यात प्रभातनं १९३४मध्ये ‘जंबू काका’ नावाची कार्टून फिल्म केली. पण सातत्यानं ॲनिमेशन करणारी सरकारी यंत्रणा मुंबईत उभी राहिली ती १९५६मध्ये, फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून फिल्म युनिटच्या रूपात. शिकवायला आले क्लेअर वीक्स. भारतात मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मलेला हा माणूस डिस्नेत ‘बाम्बी’वर काम करून आला होता. त्याच्या हाताखाली तयार झालेल्यांमध्ये राम मोहन होते, ज्यांना पुढे भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हटलं गेलं. युनिटची पहिली महत्त्वाची फिल्म ‘द बनियन डीअर’ (१९५७), जातककथेवरची. हरणाची फिल्म, शिकवणारा ‘बाम्बी’वाला, आणि रेषेसाठी आदर्श अजिंठ्याचा. दोन परंपरांची ओढाताण एकाच प्राण्याच्या मानेत झाली असणार. तयार फिल्ममध्ये तिचा निकाल दिसतो, पण भांडण दिसायचं तर कच्च्या पेन्सिली चित्रांत: कुठली वळणं खोडली, कुठली ठेवली. अशा फिल्मचा एखादा कागद कधी बाजारात आला, तर त्याचं मोल या खाडाखोडीत असेल.

आणि मग ‘एक अनेक और एकता’ (१९७४). दूरदर्शनच्या पिढीला ती पाठ आहे. आपल्या पिढीला यूट्यूबवरून. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, ॲनिमेशन भीमसेन यांचं, संगीत वसंत देसाईंचं. धाकट्या भावाला ताई ‘अनेक’ म्हणजे काय ते सांगते: जाळ्यात सापडलेल्या चिमण्या एकत्र जोर लावून जाळ्यासकट उडतात आणि उंदीर जाळं कुरतडतात. आकार साधे, रंग मोजके, हालचाल काटकसरीची. या फिल्ममधला एक सेल निवडायला सांगितला तर बाजार ताईचा चेहरा निवडेल. मी चिमणी निवडेन, तीही पंख खाली आलेली. कारण पंख वर, पंख मधे, पंख खाली हे थोडकी चित्रं आलटून-पालटून वापरायचं उडण्याचं चक्र असतं, आणि त्यातलं एक चित्र हातात घेतलं की बाकीची आपोआप आठवतात. फिल्म जे सांगते तेच तिच्या कागदांना लागू आहे. एकटी चिमणी जाळं उचलू शकत नाही.

जानेवारी २०२५मध्ये ‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स रामा’ थिएटरमध्ये पुन्हा आला, तेव्हा आपल्या वयाच्या पुष्कळांना पहिल्यांदा कळलं की हा भारत-जपान प्रकल्प हातानं रंगवलेल्या सेलवर झाला होता. युगो साको, कोइची सासाकी आणि राम मोहन यांच्या या चित्रपटासाठी जवळजवळ एक लाख सेलचा आकडा सांगितला जातो. चित्रीकरणाचं काम जपानमध्ये झालं. त्यामुळे त्याचा म्हणून कुणी सेल दाखवला तर वर सांगितलेली जपानी खूण आधी पाहावी: थराचं अक्षर, क्रमांक, तीन भोकं. शिवाय जपानी सेलची रेघ पुष्कळदा ट्रेस मशीनच्या कार्बनची असते आणि उजेडात ठेवली की विरते. रेघ फिकट म्हणून नकली समजू नये. उलट तीस वर्षं जुनी म्हणवणारी काळी कुळकुळीत रेघ असेल तर ती नंतर कोणी गिरवली आहे का, हे विचारावं.

पिंगुळीचा कागद

सेल येण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे रांगेनं बघायची चित्रं होती. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी रामायण-महाभारतातल्या कथा गाऊन सांगतात आणि प्रसंगाप्रमाणे एकेक चित्र समोर धरतात. एका कथेच्या चित्रांचा संच म्हणजे पोथी. याच समाजाकडे चामड्याच्या सावलीच्या बाहुल्याही आहेत, म्हणजे हलणारी चित्रंही. सावंतवाडीच्या संस्थानाचा या कलेला आश्रय होता. परशुराम गंगावणे यांनी पिंगुळीत आपल्या गोठ्याचं संग्रहालय केलं. २०२१मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या चित्रांची एक गोष्ट प्रत्येक संग्राहकानं ऐकावी अशी आहे. जुन्या पोथ्यांमध्ये दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली असतात. एका बाजूचा प्रसंग गाऊन झाला की पान उलटायचं आणि पुढचा सुरू. आता असं एक पान पोथीतून सुटून विक्रीला आलं, घेणाऱ्यानं फ्रेम केलं, भिंतीवर लावलं. काय झालं? त्यानं दोन चित्रं विकत घेतली आणि एक कायमचं भिंतीकडे तोंड करून उभं केलं. उरलेल्या पोथीत गाणाऱ्याला दोन प्रसंगांचं भोक पडलं ते वेगळंच. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात या शैलीची जुनी चित्रं बघायला मिळतात. बघायला गेलात तर एकेका चित्रापाशी थांबण्याआधी शेजारचं चित्र त्याच कथेचं आहे का, हे शोधा. डोळ्यांना लगेच वेगळी सवय लागते.

कायद्याचाही एक मुद्दा आहे. शंभर वर्षांहून जुनं चित्र १९७२च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतं. ते विकायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. ‘आजोबांच्या पेटीत सापडलं’ एवढ्या कहाणीवर कुणी जुनी पोथीची पानं सुटी विकत असेल तर लांब राहावं. नवीन चित्रं काढणारे कलाकार पिंगुळीत आहेत. त्यांच्याकडून घ्यायचं झालं तर पूर्ण कथा मागावी.

आपल्याकडच्या भिंती

आता शहापूर-मुरबाडकडे येऊ. या दोन्ही तालुक्यांत वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी पाडे आहेत, आणि माळशेजच्या रस्त्यावर किंवा नाशिक हायवेला रिसॉर्ट, ढाबे, कमानी, शाळांच्या भिंती वारली चित्रांनी भरलेल्या आहेत. आपली नजर तयार करायला याहून चांगली शाळा नाही, आणि फी शून्य.

वारली चित्र मुळात टिकायला काढलेलं नव्हतं. लग्नात सुवासिनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहायच्या. लग्न झालं, पाऊस आला, भिंत परत सारवली की चौक गेला. काम झालं, वस्तू संपली. सेलची कहाणी हीच. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णींनी डहाणू भागात कागद नेला आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशेंची चित्रं जगभर गेली. त्यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८मध्ये ते वारले. २०१४मध्ये वारली चित्रकलेला जीआय मानांकन मिळालं. आज छापील वारली पडद्यांवर, कपांवर, मोबाइलच्या कव्हरवर आहे.

मग हातची भिंत आणि छापील भिंत कशी ओळखायची? रंग किंवा विषय पाहून फसाल. तारपा नाच शोधा, तो बहुधा असतोच. गोल फिरत जाणारी माणसांची माळ घ्या आणि एकामागून एक माणसं बघत जा. हातच्या चित्रात प्रत्येक माणूस मागच्यापेक्षा किंचित वेगळा वाकलेला असतो: गुडघा थोडा जास्त, कंबर थोडी कमी, आणि माळ आत वळते तसा आकार बदलत जातो. ती एकाच पावलाची मधली चित्रं आहेत. डोळा माळेवरून फिरवला की नाच हलतो. स्टेन्सिल किंवा व्हिनाइलवर पाचवा माणूस पहिल्याची प्रत असतो. तिथे डोळा फिरवला तरी काही हलत नाही, नुसतं मोजलं जातं. सेलला लावलेली कसोटी इथेही तीच: पुढचं चित्र मागच्याहून किती सरकलंय? हातानं काढलेलं म्हणून ते चांगलंच, असं नाही. हातानं पाट्या टाकलेल्या भिंतीही आहेत. पण जिथे सरक आहे तिथे काढणाऱ्यानं नाच पाहिलेला आहे.

ज्याला पाठ नाही

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, म्हणून एक गोष्ट रोज दिसते. फाइलची शेवटची प्रत कुणालाही कॉपी करता येते आणि कॉपी मूळ प्रतीइतकीच मूळ असते. वेगळी असते ती हिस्ट्री: कुणी, कधी, कुठली ओळ का बदलली. डिजिटल ॲनिमेशनच्या तयार चौकटीला मागची बाजू नाही. २०२१मध्ये एनएफटीच्या लाटेत याच चौकटींना ‘ओरिजिनल’ म्हणून विकायचा उद्योग झाला. त्यात पावतीचा क्रमांक अद्वितीय होता, चित्र नव्हतं. आजच्या फिल्मचं जपण्यासारखं काही असेल तर ते थरांसकट असलेल्या कामाच्या फायली, टायमिंगचे कागद, टाकून दिलेल्या आवृत्त्या. कल्याण-ठाण्याच्या पट्ट्यातून स्टुडिओत कामाला जाणारी पुष्कळ मुलं आहेत. शिकताना लाइट बॉक्सवर केलेला त्यांचा पहिला चालण्याचा सायकल बहुतेकदा दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातो. तो गठ्ठा क्रमानं बांधून ठेवलेला असेल तर माझ्या लेखी तो एकट्या सेरीसेलपेक्षा वरचा.

आपल्याकडे सिनेमाचं जतन म्हटलं की रीळ आठवतं. फिल्म्स डिव्हिजनच्या पेडर रोडच्या आवारात २०१९पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. आसनगावहून थेट सीएसएमटी लोकल मिळते, एका सुट्टीत होतं. ते पाहावंच. पण रीळ हा निकाल आहे. निकालाच्या आधीचे कागद जपण्याची सवय समाजात रुजते ती घरांतून, कपाटांतून, म्हणजे आपल्यासारख्या लहान संग्राहकांकडून.

तर कमी पैशांत सुरुवात करायची असेल तर हिरो सेलच्या मागे लागू नका. एकाच दृश्यातले लागोपाठ क्रमांकाचे तीन पेन्सिली कागद शोधा, पात्र अनोळखी असलं तरी चालेल. सेल घेतलाच तर लॅमिनेट करू नका; आपल्याकडे मौल्यवान कागद दिसला की हात आधी तिकडे जातो. सेल हवाबंद पिशवीत कोंडू नका, त्यातून निघणारी आम्लाची वाफ त्यालाच खाते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका, पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवू नका, आणि फ्रेम केलीत तर ऊन न येणाऱ्या भिंतीवर लावा. सोबत आलेला कागद, स्टिकर, जुना माउंट फेकू नका. मागच्या बाजूचा फोटो काढून तारखेसह जपा, म्हणजे पुढे घेणाऱ्याला तुमच्याकडे तो मागायची वेळ येणार नाही.

आणि ते तीन कागद घरी आले की आधी फ्रेमवाल्याकडे जाऊ नका. भोकं जुळवून एकावर एक ठेवा, बोटांत धरा आणि चाळा.